मुक्कामी गाडी

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघितलं, प्रत्येक टायरवर पान्याने टकटक करून कान दिला आणि मग विचारलं, "लिटरला किती देती?"

"साडेतीन किलोमीटर. ते पण वारा पाठीशी असेल तर."

"आमचा लाल डबा बरा होता की मग."

माणदेशात बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला मी माझी मोटरहोम दाखवत होतो. 2004 सालची, फोर्डच्या ई-450 चासीवर बांधलेली, चोवीस फुटी, सेकंडहँड. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक बिछाना, मागे दुसरा, मधलं जेवणाचं टेबल रात्री खाली पाडलं की तिसरा. गॅसची शेगडी, फ्रीज, कपाटाएवढं न्हाणीघर. आई आत चढली, सगळी दारं उघडून बघितली आणि म्हणाली, "ही तर मुक्कामी गाडी!"

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायची, रात्री तिथेच देवळापुढे उभी राहायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला परतायची, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपतात. बाबांचं निम्मं आयुष्य असं गेलंय.

फेब्रुवारी महिना, माझी नऊ दिवसांची रजा, सॅन दिएगोहून निघायचं. डेथ व्हॅलीचं वाळवंट बघायचं, एवढं नक्की होतं. बाबांनी खिशातून छोटी वही काढली. "आजचा मुक्काम?"

"ठरवलेला नाही."

त्यांनी वही मिटली. वेळापत्रकावर जगलेल्या माणसाच्या तोंडावर जे उमटायला हवं तेच उमटलं.

मुक्काम न ठरवण्यामागे बेफिकिरी नसते हे मला त्यांना पटवायचं होतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अफाट वाळवंटी जमीन केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी एका जागी चौदा दिवस फुकट उतरता येतं. नळ नाही, वीज नाही, संडास नाही. जे लागेल ते गाडीत. त्यामुळे मार्ग नकाशा ठरवत नाही, टाक्या ठरवतात. स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी होत जाते, धुण्या-भांड्यांच्या पाण्याची भरत जाते, संडासाची त्याहून सावकाश भरते. शिवाय गॅस. आणि वारा. वाळवंटात वारा सुटला की चोवीस फुटी खोकं पतंगासारखं वागतं. त्या दिवशी गप्प उभं राहायचं.

पहिली रात्र अँझा-बोरेगोत काढली. हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं राज्य उद्यान. बोरेगो स्प्रिंग्ज गावाबाहेरच्या माळावर रिकार्डो ब्रेसेडा या शिल्पकाराने केलेले गंजक्या लोखंडाचे शंभरावर प्राणी उभे आहेत: हत्ती, उंट, घोडे, आणि साडेतीनशे फुटी एक नाग-ड्रॅगन, ज्याचं डोकं रस्त्याच्या एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. मधलं अंग डांबराखालून गेलंय असं वाटतं. आईने त्याला मनोभावे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सॉल्टन सीच्या काठाने गेलो. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीने कालवा फोडला आणि दोन वर्षं आपलं पाणी या खळग्यात ओतलं, त्यातून झालेला हा तलाव. आता तो आटत चाललाय. पांढरी वाळू म्हणून ज्यावर पाय ठेवला ती माशांची हाडं आणि शिंपल्यांचा चुरा निघाला. वासामुळे तिथे फार थांबलो नाही.

फजिती झाली ती 78 नंबरच्या रस्त्यावर, वाळूच्या टेकड्या ओलांडल्यावर. फोटोसाठी गाडी कडेला घेतली. कड टणक दिसत होती. उजवी मागची जोडी वाळूत बसली. रेस दिली तशी आणखी वीतभर खाली गेली.

"बंद कर. आधी बंद कर," बाबा माळ्यावरून ओरडले. खाली उतरून त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाहणी केली. त्यांचा पहिला विचार रस्त्याकडेची झुडपं तोडून चाकाखाली घालायचा. काळ्या रानात रुतलेली गाडी अशीच निघते. मी नको म्हटलं. ही क्रिओसोटची झुडपं फार सावकाश वाढतात, त्यांच्या बुंध्यांची कडी हजारो वर्षं जगलेली सापडली आहेत. बाबांनी झुडपाकडे पाहिलं, जरा मागे सरकले. "मग हवा काढ."

ऐंशी पौंडांची हवा पन्नासवर आणली. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत माझा हात पोचेना, बाबांचा पोचला. गाडी समतल करायला आणलेल्या प्लास्टिकच्या पिवळ्या ठोकळ्यांची चाकापुढे फरशी केली, फावड्याने ॲक्सलपुढची वाळू काढली. मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा लावला. दोन ठोकळे फुटले, गाडी वर आली. दारात उभ्या आईने हवेतली दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग. चला." पुढे चारही मागच्या चाकांत हवा भरायला सिगारेट-लायटरवर चालणारा माझा पंप तास-सव्वा तास घुरघुरत बसला. तेवढ्यात बायकोने पोहे केले. रस्ता पाणंदीपेक्षा निर्जन, पण तेवढ्या वेळात तीन पिकअपवाले थांबून "सगळं ठीक ना?" विचारून गेले.

ॲरिझोनातलं क्वार्टझसाइट हे गाव म्हणजे हिवाळ्यातली पंढरी. थंड मुलखातली म्हातारी जोडपी आपापल्या गाड्या घेऊन इथे उतरतात. माळावर नजर जाईल तिथे पांढरी खोकी. गावाला लागून असलेल्या ला पोसा तळावर फी भरून चौदा दिवस राहता येतं, पाणी भरता येतं आणि टाक्याही ओतता येतात. ते ओतायचं काम बाबांनी रबरी हातमोजे चढवून स्वतःकडे घेतलं. जाड नळी आधी गटाराच्या तोंडात, मग संडासाची टाकी, ती रिकामी झाल्यावरच साबणपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. क्रम एकदा सांगितला, पुन्हा सांगावा लागला नाही. आई लांबून नाकाला पदर लावून बघत होती. "हे असलं चुलीखाली घेऊन फिरायचं! आणि वर म्हणायचं सहल."

त्याच गावच्या स्मशानात दगडांचा एक पिरॅमिड आहे, टोकाला तांब्याचा उंट. खाली हाजी अली पुरलेला आहे. ("मुंबईचा?" आई. नाही.) ऑटोमन साम्राज्यातून आलेला हा उंटवाला. 1856 पासून अमेरिकन लष्कराने वाळवंटात मालवाहतुकीसाठी उंट आणून बघितले, तेव्हा त्यांच्याबरोबर जी माणसं आणली त्यांतला हा एक. अमेरिकनांच्या जिभेला नाव वळेना, त्याचं 'हाय जॉली' झालं. यादवी युद्ध आलं, पुढे रेल्वे आली, उंट विकले गेले, काही रानात सुटले. हा 1902 मध्ये इथेच वारला. बाबा तिथे बराच वेळ थांबले. "लाइन बंद झाली, आणि मानूस परमुलखातच राह्यला," म्हणाले, आणि पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं.

आता पाण्याचं. आमच्या टाकीत चाळीस गॅलन मावतं, म्हणजे दीडशे लिटर. मी आणि बायको दोघं ते चार दिवसांत संपवतो, आणि स्वतःला काटकसरी समजतो. आईने पहिल्याच दिवशी हिशोब केला: दहा हंडे. मग पाण्याचा ताबा घेतला. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेली बाई ती. भांडी आधी कोरड्या कागदाने पुसायची, मग टोपात दोन तांबे पाणी घेऊन त्यातच सगळी विसळायची. तेच पाणी संडासात ओतायला. तांदळाचं धुवण आमटीत. नळ सुरू ठेवून दात घासताना बायको सापडली तेव्हा आई काही बोलली नाही, फक्त येऊन नळ बंद करून गेली. चार माणसं असून पाचव्या दिवशी काटा निम्म्यावर होता! मला वाटलं काटा बिघडला. वर चढून फ्लॅशलाइटने नळीत बघितलं. नव्हता बिघडला.

त्या निम्म्या टाकीमुळेच पुढचं घडलं. पार्करहून 62 नंबरचा ओसाड रस्ता धरून, अंबॉयच्या जुन्या रूट 66 वरच्या प्रसिद्ध रॉइज मोटेलच्या पाटीखालून आम्ही मोहावीच्या वाळवंटात शिरलो आणि केल्सोच्या वाळूच्या डोंगराशी पोचलो. शेवटचे तीन मैल कच्चे, पन्हाळी पत्र्यासारखे. ताशी दहा मैलांनी गेलो तरी कपाटातली स्टीलची भांडी भजनी मंडळासारखी वाजत होती. एरवी इथे एक रात्र काढून सकाळी डेथ व्हॅली, असा माझा अंदाज. पण ही वाळू गाते असं मी आईला सांगून बसलो होतो. सुमारे साडेसहाशे फूट उंच डोंगर, कोरडी वाळू उतारावरून घसरली की कण एकमेकांवर घासून घुमतात. संध्याकाळी बाबा आणि मी वर चढलो, बसून घसरलो. काही नाही. चार दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, आत ओल होती.

"उद्या ऊन खाईल, मग बघू," बाबा म्हणाले. हे बाबा म्हणाले! मी आईकडे बघितलं. तिने काट्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

रात्री गारठा पडला. हीटर सुरू झाला की पंखा घरघर करायचा, म्हणून बाबांनी तो बंद करायला लावला आणि दोन गोधड्या घेऊन ड्रायव्हरच्या सीटमागे झोपले. मुक्कामाला तिथेच झोप लागते म्हणे. सकाळी उठलो तर ते बाहेर खुर्चीत बसलेले, शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याबरोबर चहा पीत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या म्हाताऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं.

दुसऱ्या दिवशीही वाळू गप्पच. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, आईसुद्धा धापा टाकत निम्म्यापर्यंत आलेली असताना, बाबा माथ्यावरून पाय पसरून घसरले. आधी काही नाही. मग खालून, पोटातून, एक जाड घूं… आला आणि बुडाखालची सगळी बाजू थरथरायला लागली. बाबा थांबले तरी तो चार-पाच सेकंद चालूच होता.

"घाटाखालून डिझेल गाडी वर येतीय बघ," बाबा म्हणाले. "लोडची. दुसऱ्या गिअरात."

ते पुन्हा वर चढले. एकूण सहा वेळा घसरले. सत्तरीच्या माणसाने किती, तर सहा वेळा.

डेथ व्हॅली तिथून जेमतेम तीन तासांवर होती. माझी रजा परवा संपत होती आणि संडासाच्या टाकीचा काटा तीन चतुर्थांशाच्या पुढे होता. बाबांनी हातमोजे शोधून पुढच्या सीटवर ठेवले, आईने मागून दोरी ओढली, आणि आम्ही परतीच्या, बार्स्टोच्या रस्त्याला लागलो.