खताचं गांडूळ वेगळं, गळाचं वेगळं

पहिल्या पावसात बागेत वर आलेली गांडुळं गोळा करून खताच्या क्रेटमध्ये सोडायची, हा नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा. ती माती खाणारी, खोल बिळं करणारी. ओल्या कचऱ्यात टिकत नाहीत. खताला वरच्या थरात राहून कुजका पाला आणि शेण खाणाऱ्या जातीच लागतात.

बाल्कनीसाठी आयसेनिया फेटिडा. लाल, पट्टेदार, 15 ते 25 अंशांत खूश. गळाला मात्र ती बारीक पडते आणि डिवचली की उग्र वासाचं पिवळं पाणी सोडते. खडकवासल्याच्या बाजूला गळ टाकणाऱ्यांनी युड्रिलस, म्हणजे आफ्रिकन गांडूळ पाळावं. वीतभर लांब, जाड, गळावर मस्त वळवळतं. त्याला 25 ते 30 अंश मानवतात. आमिष ताजं राहावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलंत तर मेलंच समजा. पुण्याच्या जानेवारीतल्या पहाटेही क्रेटवर गोणपाट हवंच. तिसरी जात पेरिओनिक्स, निळसर झाक असलेली, आपल्याच हवेतली. काम झपाट्याने करते, पण पावसाळी रात्री क्रेट सोडून भिंतीवर चढते. घट्ट जाळी लावायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जा.

क्रेट उथळ हवा, फूटभराच्या आत, तळाला भोकं पाडलेला. खाली भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पुठ्ठ्याचे तुकडे, वर 15-20 दिवसांचं जुनं शेण. ताजं शेण तापतं, त्यात गांडुळं भाजून निघतात. मूठभर माल दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब गळावा. धार लागली तर कोरडा पुठ्ठा मिसळा. 1 किलो गांडुळांना सुरुवातीला रोज पाव किलो भाजीचे देठ-सालं पुरतात. आधीचं संपल्याशिवाय पुढचं घालू नका. लिंबाची सालं, तेल-मिठाची उरलेली भाजी नको. गणपतीतलं निर्माल्य चालतं, पण दोरे, कापूर, कुंकू काढून.

उरलेलं वरण किंवा पिठाचा जाड थर घातला की तो आंबतो आणि गांडुळाच्या अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी येतात. असं गांडूळ वाचत नाही. तो थर लगेच उचला आणि कोरडा पुठ्ठा भरा. मुंग्या लागल्या तर क्रेट कोरडा पडलाय. पाणी शिंपडा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

आमिषाची गांडुळं जाड करायची तर वेगळ्या डब्यात, विरळ ठेवा. मक्याचं पीठ चिमटीने भुरभुरायचं, दुसऱ्या दिवशी दिसत असेल तर पुढची चिमूट नाही. गळाला जायच्या आदल्या दिवशी ती नुसत्या ओल्या कोकोपीटमध्ये काढा: पोट रिकामं होतं, अंग घट्ट होतं. नेताना प्लॅस्टिकऐवजी ओलं सुती फडकं, आणि सावली. उरलेली आफ्रिकन गांडुळं धरणाकाठी ओतू नका, क्रेटमध्ये परत आणा.