केस का नाही टाकलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत, भिशीत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं, आणि घरात आमच्या जाऊबाईंनीही हेच विचारलंय: "लशीनंच झालं ना तुम्हाला? मग केस का नाही टाकलीत?" आजवर "जाऊ दे हो" म्हणत आले. ते उत्तर नव्हतं.

करोनाच्या लशीचा दुसरा डोस मी ऑगस्ट २०२१ मध्ये घेतला. लेक डोंबिवलीत, आणि १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांनाच लोकल मिळणार होती. अकराव्या दिवशी पायातली चप्पल मागे राहिली आणि मी चार पावलं पुढे गेले. तळव्याला पत्ताच नाही. आणखी दोन दिवसांनी कणीक मळायला बोटं वळेनात. पुढचं तुम्ही बघितलंयच: जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात), आयसीयू, वॉकर. त्यावरचं औषध इम्युनोग्लोब्युलिन, त्याच्या पाच ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या लागल्या. डोस वजनावर ठरतो. आपण बारीक नाही याचं इतकं दुःख मला आयुष्यात झालं नव्हतं. पाटल्या तेव्हाच गेल्या.

आता केसचं. अमेरिकेत लशीच्या दुष्परिणामांची भरपाई देणारी सरकारी योजना आहे. तिच्यात फ्लूच्या लशीनंतर ३ ते ४२ दिवसांत जीबीएस सुरू झाला, तर तो लशीमुळेच असं धरून चालतात. दुसरं कारण दाखवायचं तर ते सरकारनं दाखवायचं. माझा अकरावा दिवस त्यात चपखल बसतो. पण करोनाची लस तिथेही त्या योजनेत नव्हती, आणि आपल्याकडे तर तेव्हा अशी योजनाच नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लस ऐच्छिक होती, भरपाई हवी त्यानं दिवाणी कोर्टात जावं. ऐच्छिक! दिवाणी कोर्टात कुणाचा तरी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. कुणाचा करू? सुई टोचणाऱ्या त्या मुलीचा? तिनं तर अर्धा तास बसवून ठेवलं होतं, वर पाणीही विचारलं.

हे सगळं खरं आहे, आणि हे सांगायला मला काहीच अडचण नव्हती. जे सांगत नाही ते असं.

वॉर्डात असताना जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे एक डॉक्टर चौकशीला आले. तरुण होते, मास्कवर चष्म्याची वाफ धरलेली. लशीनंतर काही गंभीर झालं की भरतात तो फॉर्म त्यांच्या हातात. जाऊबाई माझ्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. आठ दिवस त्यांनीच माझं सगळं केलं, भांडं देण्यापासून. डॉक्टरांनी विचारलं, "आजारी पडण्याआधीच्या महिन्यात ताप, सर्दी, जुलाब वगैरे?" मी म्हटलं, "नाही."

झाले होते. आखाडातल्या एका रविवारी जाऊबाईंकडे कोंबडी होती. मंगळवारपासून दोन दिवस मला जुलाब. ओवा खाल्ला, बरं वाटलं, गेले डोस घ्यायला. तेव्हा त्याचं काही महत्त्व असेल असं वाटलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. पण डॉक्टरांनी विचारलं त्या क्षणी मला तो रविवार आठवला होता. माझे तळवे जाऊबाईंच्या हातात असताना मी "यांच्याकडे जेवले आणि" असं कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर तोवर माझं ठरलं होतं की लशीनंच झालं. दुसरं काही ऐकून घ्यायचंच नव्हतं.

पुढे निष्कर्ष आला: अनिश्चित. म्हणजे दिवस जुळतात, पुरावा पुरेसा नाही. त्या एका शब्दावर मी वर्षभर जळत होते. कसली माणसं ही, म्हणत होते. त्यांना अर्धी माहिती मीच दिली होती.

मग जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, आणि टीव्हीवर दिवसभर जीबीएस. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू, दूषित पाणी, नीट न शिजलेली कोंबडी. आधी जुलाब, मग एक ते तीन आठवड्यांनी पाय जातात. मी रिमोट हातात धरून तारखा मोजल्या. त्याही जुळत होत्या.

म्हणून लगेच "बघा, लशीचं काही नव्हतं" म्हणू नका. माझी शौचाची तपासणी तेव्हा झालीच नाही, आता होणार नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनं लाखात एकाला जीबीएस झाल्याचं दिसलं होतं. मी घेतली त्याच जातीच्या करोना लशीच्या दुष्परिणामांत युरोपच्या नियामकानं सप्टेंबर २०२१ मध्ये तो 'अतिदुर्मिळ' म्हणून घातला, तेव्हा मी वॉकरवर होते. लाखात कुणीतरी एक असणारच ना? आणि लशीविरुद्ध सभा घेणाऱ्यांनी माझा फोटो मागू नये. नातीची प्रत्येक लस मी तारखेला टोचून आणलीय, दवाखान्याच्या दारात हात थरथरत असतानासुद्धा.

सगळ्यांच्या भल्यासाठी लस टोचून घ्या म्हणणाऱ्यांनी, ज्याचं शंभर टक्के सिद्ध होत नाही त्याचाही खर्च उचलावा, असं मला आजही वाटतं. मग कुणाला जुलाब लपवावे लागणार नाहीत. की हे मी माझ्या सोयीनं म्हणतेय? असेल.

जाऊबाई हे वाचतील. तोच फॉर्म उद्या पुन्हा समोर आला आणि त्या पायाशी बसलेल्या असल्या, तर मी काय सांगेन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.