पत्रो ऱ्हवलो खंय?

"इंजिनाक कायएक झाला नाय. पण पत्रो ऱ्हवलो खंय?" मालवणच्या गॅरेजात मिस्त्री शेजारच्या काकांना म्हणाला. गाडीच्या दाराच्या खालच्या गंजलेल्या कडेला त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो सरळ आत गेला. खाऱ्या वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं!

गाडी मारुती ८००. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये आलं, १९८६ मध्ये त्याचं रूप बदललं, इंजिन मात्र ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचंच राहिलं. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं.

काका काहीच बोलले नाहीत. बॉनेटवरून नुसता हात फिरवत राहिले.

गणपतीला अख्खं कुटुंब कोंबून घाट उतरलेल्या किती ८०० आपण पाहिल्यात! सगळ्याच भंगारात जाव्यात हे मला पटत नाही.

तुमच्या वाडीत एखादी चालती आहे का अजून?