लिंकनचा वंश बुडाला कधी?

पुण्याहून काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, फॉर्म भरून पाठव. मागच्या आवृत्तीत माझी नोंद दीड ओळीची आहे. नाव, शिक्षण, सासरचं नाव, 'वास्तव्य अमेरिका', संपलं. भावाची मुलं मात्र पिढीच्या आकड्यासकट छापलीत.

फॉर्म बाजूला ठेवून शनिवारी लेकीला घेऊन इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डला गेले. आमच्या ब्लूमिंग्टनपासून गाडीने तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे नुसता मका. एट्थ आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर अब्राहम लिंकनचं तपकिरी लाकडी घर आहे, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं. १८४४मध्ये घेतलेलं. बघायला पैसे पडत नाहीत. १८८७मध्ये लिंकनच्या थोरल्या मुलाने, रॉबर्टने, घर राज्याला दिलं ते याच अटीवर.

लिंकनच्या आजोबांचं नावही अब्राहम. नातवाला आजोबांचं नाव, अगदी आपल्यासारखं! पत्नी मेरी टॉड. १८६०च्या जनगणनेत या बाईंचं वय ३५ लागलंय, होत्या ४१च्या. (आमच्या आत्याबाई आठवल्या.) चार मुलगे झाले. एडी चौथ्या वाढदिवसाआधीच गेला, याच घरात. विली अकराव्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये. टॅड अठराव्या वर्षी शिकागोत. तिघांचे मृत्यू आईने पाहिले. उरला एकटा रॉबर्ट.

रॉबर्टला दोन मुली, मेमी आणि जेसी, आणि मधला एक मुलगा. त्याचं नाव पुन्हा अब्राहम, घरात सगळे जॅक म्हणत. रॉबर्ट ब्रिटनमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना जॅकला गळू झालं. शस्त्रक्रिया झाली, पण रक्तात विष भिनलं. मार्च १८९०मध्ये लंडनला पोरगा गेला, वय १६.

म्हणजे आमच्या कुलवृत्तांताच्या हिशोबाने लिंकनचा वंश तिथेच खुंटला. रॉबर्ट १९२६ला गेल्यावर या घरातलं आडनावही संपलं.

पण इथल्या वंशावळीत त्यापुढेही फांद्या आहेत. मेमीला एक मुलगा, जेसीला एक मुलगी आणि एक मुलगा. तिघांनाही पुढे वंश नाही. जेसीचा मुलगा रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ २४ डिसेंबर १९८५ला वारला, तो लिंकनचा शेवटचा निर्विवाद वारस. जॅकनंतर तब्बल पंच्याण्णव वर्षांनी! इतकी वर्षं लिंकनचं रक्त मुलींकडून चाललं होतं, आणि काकांच्या पुस्तकात या तिघांना जागाच मिळाली नसती.

ओक रिज दफनभूमीत समाधीबाहेर लिंकनचं पितळी रंगाचं डोकं आहे, लोकांनी हात लावून लावून नाक सोन्यासारखं चकचकीत केलेलं. लेकीला उचलून धरलं, तिनेही घासलं. आत लिंकन, मेरी आणि तिन्ही धाकटे आहेत. रॉबर्ट आणि जॅक दूर आर्लिंग्टनच्या दफनभूमीत.

रात्री फॉर्म भरला. 'अपत्ये' हा रकाना फक्त मुलग्यांच्या पानावर होता. मी माझ्या नोंदीखाली समासात लेकीचं नाव आणि जन्मतारीख लिहिली, फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "नियमात बसत नाही गं. मंडळाच्या बैठकीत विषय काढतो. तिचं पाळण्यातलं नाव काय?"