तो कोणता?

सिंहगडावर बाबांबरोबर गेलं की वर पोचल्या पोचल्या भजी नाहीत, मडक्यातलं दही नाही. आधी कड्याच्या टोकाशी जायचं आणि हात लांब करायचा. "तो राजगड. उजवीकडे तोरणा. इकडे पाठीमागे पुरंदर." शेजारी उभा असलेला कोणी अनोळखी गृहस्थ हमखास म्हणणार, "नाही हो काका, तोरणा तो पलीकडचा." मग दहा मिनिटं वाद. माझ्या लहानपणी मला वाटायचं, डोंगर चढतात ते या वादासाठीच.

म्हणून बाबा एडिंबराला आले तेव्हा त्यांना इथल्या एखाद्या डोंगरावर नेऊ म्हटलं, तर त्यांचा पहिला प्रश्न आला, "वर काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे? गड?"

"नाही."

"टाकं? देऊळ? निदान एखादी वेस?"

"दगडांची रास असते, बाबा. आणि असला तर वारा."

एकूण प्रकार त्यांना फारसा पटला नाही. त्यात मी आकडे सांगण्याची चूक केली. स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या शिखरांना मुनरो म्हणतात. सर ह्यू मुनरो यांनी १८९१ मध्ये त्यांची यादी छापली, आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि ती एकेक करून पुरी करण्याचं वेड इथे हजारोंना आहे. यादी करणारा स्वतः मात्र १९१९ मध्ये गेला तेव्हा त्याची काही राहिलेलीच होती. बाबांना यातलं फक्त ३००० फूट ऐकू आलं. "सिंहगड चार हजारांच्या वर आहे," ते म्हणाले. सगळ्यांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, हे ऐकून तर त्यांनी कळसूबाईची आठवण काढून एक दीर्घ श्वास सोडला. इथे चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि हवा तासाभरात चार ऋतू दाखवते, हे मी सांगत बसले नाही. कळणारच होतं.

आम्ही शिहॅलियन निवडला. उंची १०८३ मीटर, पर्थशायरच्या मधोमध, एका बाजूने पाहिला तर चक्क शंकूसारखा. निवडण्यामागे माझा एक डाव होता. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. टोपोशीट, म्हणजे चढउतारांचा नकाशा, पसरून त्यातल्या सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांवर बोट फिरवणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्या रेषांचा या डोंगराशी फार जुना संबंध आहे. १७७४ मध्ये ब्रिटनचा राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलिन पृथ्वीचं वजन काढायला इथे आला. कल्पना अशी की एवढा मोठा डोंगर शेजारी असला तर ओळंबा सरळ खाली न लोंबता अगदी किंचित डोंगराकडे ओढला जाईल. डोंगराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला तळ ठोकून, डोक्यावरच्या ताऱ्यांच्या जागा मोजून त्याने ती ओढ पकडली. पण मग डोंगराचं वजन किती? चार्ल्स हटन या गणितज्ञाने ते काढताना नकाशावरच्या सारख्या उंचीच्या बिंदूंना रेषांनी जोडलं. रेषांची ही युक्ती नकाशांत रुळली, आणि मग पुढे कधीतरी बाबांच्या टेबलावर येऊन पडली.

हे सगळं गाडीत सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅस्कलिन म्हणजे क्लाइव्हचा मेहुणा ना?" मी फोनवर पाहिलं. खरंच होता. मार्गारेट मॅस्कलिन ही रॉबर्ट क्लाइव्हची बायको. "मग वजनकाटा नीट तपासा म्हणावं," बाबा म्हणाले.

इथल्या डोंगरी हवामानाच्या अंदाजात एक रकाना मला फार आवडतो. मुनरोंचे माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, एवढंच त्यात दिलेलं असतं. त्या दिवशी चाळीस होती. सप्टेंबर सुरू होता, हेदर नावाच्या इथल्या डोंगरी झुडपांचा जांभळा रंग विटून तपकिरी झाला होता. ब्रेज ऑफ फॉसच्या वाहनतळापासून वाट चांगली बांधलेली आहे, पूर्वेच्या सोंडेवर सुरेख चढत जाते. बाबा खूश होते. मग वाट संपली आणि धोंडे सुरू झाले.

क्वार्ट्झाइटचे पांढुरके, कडांचे, फ्रिजएवढे ते भाकरीएवढे. एकावर पाय ठेवला की दुसरा डुगडुगतो. वर ढग. समोर एक माथा दिसतो, तिथे पोचलं की पुढे दुसरा. बाबांनी तीन वेळा "आलं" म्हटलं आणि चौथ्यांदा काहीच म्हटलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणूस चारही पायांवर किती चपळ असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. वाऱ्याने त्यांची माकडटोपी दोनदा उडवली, दोनदा मी धरली.

माथ्यावर खरंच काही नव्हतं. दगड, त्यांवर दगड आणि पांढरं धुकं. आडोशाला बसून थर्मासमधला चहा ओतला तोवर पश्चिमेकडे पडदा फाटला. आधी रॅनॉक तलावाची लांबच लांब चकाकती पट्टी दिसली, मग तिच्या मागे रॅनॉकचं ओसाड माळरान आणि त्यापलीकडे डोंगर, डोंगर, नुसते डोंगर. पुढचे तपकिरी, मागचे निळे, त्यामागचे धुतलेल्या कपड्यासारखे फिके. मी बाबांकडे पाहिलं. आता हात वर जाईल असं वाटलं.

हात कपावरच राहिला. "छान आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण ओळखीचं कोणी नाही."

मला काय बोलावं कळेना. मी इथे आले त्या वर्षी पहिल्या मुनरोवर मला नेमकं हेच वाटलं होतं. फोटो शंभर काढले, घरी येऊन पाहिले तर एकाही डोंगराचं नाव सांगता येईना. लग्नाच्या गर्दीत नवरा-नवरी दोघांपैकी कोणालाच ओळखत नसावं, तसं. नावं मग एकेक करून कळत गेली, तीही पुस्तकातून कमी आणि माथ्यावर भेटलेल्या लोकांकडून जास्त.

तसे दोघे त्या दिवशीही होते. सत्तरीचे, गुडघ्यांना पट्टे, सोबत एक म्हातारं कुत्रं. एकाने वायव्येकडे हात लांब केला आणि म्हणाला, "बेन नेव्हिस." दुसरा म्हणाला, छे, तो बेन आल्डर. पहिला म्हणाला, मी चाळीस वर्षं बघतोय. दुसरा म्हणाला, चाळीस वर्षं चुकतोयस.

बाबांनी कप खाली ठेवला. माझ्या सॅकमधून नकाशा ओढून काढला, एका धोंड्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नकाशा फिरवून तलाव तलावाशी जुळवला. मग तपकिरी रेषांवर बोट फिरू लागलं, आणि ते बोट मला चांगलंच ओळखीचं होतं. कुत्रं नकाशा हुंगून गेलं. दोघे आजोबा वाकून पाहत होते.

"बेन आल्डर," बाबा म्हणाले आणि उठून हात लांब केला. "नेव्हिस डावीकडे. लांब, मागे."

पहिल्याला हे मान्य नव्हतं. त्याने आपला हात जरा उजवीकडे सरकवला. दुसऱ्याने बाबांच्या हाताला समांतर आपला हात धरला. तेवढ्यात ढग परत आला. आधी माळरान गेलं, मग तलाव, मग आमच्यापासून वीस पावलांवरचे धोंडेसुद्धा. समोर पांढऱ्याफटक धुक्याशिवाय काही उरलं नाही आणि त्यात तीन हात तसेच रोखलेले, वाद चालूच.

मी भाकरवडीचा डबा उघडला.