लाकूड तुमचं, मजुरी माझी

वैशाखातल्या एका संध्याकाळी वारं-वावधान सुटलं, गारा पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच फोन वाजला. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं गाव. "मशीनवाले का? आमचा लिंब माळवदावर पडलाय. अर्धा पडलाय, अर्धा उभा हाय. लवकर या."

मी झाडांची कामं करतो. धोक्याच्या फांद्या उतरवणं, छाटणी, वेळ आलीच तर पाडणं. खेड्यापाड्यांत मला कुणी नावानं ओळखत नाही. कटर मशीन घेऊन येतो म्हणून मशीनवाला. सोबत एक साथीदार होता, धारूरकडचा पोरगा. हिवाळाभर तो आणि त्याची बायको कोयत्यावर असतात, ऊसतोडीला. कारखाने बंद झाले की तो माझ्याकडं येतो.

गेलो तर बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर लाकडाचा व्यापारी बसलेला. त्याचा सौदा आधीच झाला होता: झाड बुडापासून काढायचं, लाकूड त्यानं न्यायचं आणि घरच्यांना वर सहा हजार द्यायचे. फक्त माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टेकलेला भाग उतरवायला त्याची माणसं धजत नव्हती. तेवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

हा आमच्या भागातला जुना रिवाज आहे. झाड तोडायचं तर मजुरी द्यायची नाही, लाकूड घेऊन जायचं. लाकूड वखारीला जातं, वीटभट्टीला जातं. ऐकायला सोयीचं वाटतं, कुणाच्या खिशातून काही जात नाही. पण ज्याची कमाई लाकडात आहे तो बारीक फांदी कशाला तोडेल? तो जाड फांदी तोडतो, बुंधा तोडतो. जिथं एक वाळकी फांदी काढून भागलं असतं तिथं अख्खं झाड जातं. बारा वर्षं या कामात आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत जेवढी झाडं गेली त्यातली निम्मी तरी या हिशेबानं गेली असं माझं मत आहे.

त्या कडुलिंबाला जमिनीपासून सात-आठ फुटांवर बेचकं होतं. दोन सारख्या जाडीची खोडं तिथून वर गेलेली. अशा बेचक्यात दोन्ही खोडांची साल आत दाबली जाते, लाकडाला लाकूड धरतच नाही. बाहेरून भक्कम दिसतं, आतून नुसती सालीला साल टेकलेली असते. वाऱ्यानं नेमकं तिथंच फाडलं होतं. माळवदाकडचं खोड कलून छपरावर आडवं झालेलं, बुडाला मनगटाएवढ्या लाकडाच्या पट्टीनं धरलेलं. फाट खाली बुंध्यात हातभर उतरली होती. दुसरं खोड उभं होतं, हिरवंगार, निंबोळ्यांनी लगडलेलं.

लाकडी हातोड्यानं बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहिला. आवाज भरीव होता. मुळांजवळची माती उचललेली नव्हती, अळंबी नव्हती. घरातल्या कर्त्या मुलाला म्हणालो, "भाऊ, हे झाड पाडायची गरज नाही. मोडलेलं खोड उतरवू, उभ्याचा शेंडा आणि घेर थोडा हलका करू. फाट आहे, लक्ष ठेवावं लागेल. पण झाड जगेल."

"आणि तुमचं काय?"

"साडेचार हजार. लाकूड तुमचं, मजुरी माझी."

तो गप्प झाला. त्याच्या बाजूनं हिशेब सोपा होता. झाड गेलं तर सहा हजार येणार, राहिलं तर साडेचार हजार जाणार. साडेदहा हजारांचा फरक, आणि पेरणी तोंडावर आलेली. मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो.

मग त्याची आई बाहेर आली. ऐंशीच्या घरातली असेल. तिनं व्यापाऱ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. मुलाला म्हणाली, "भूकंपात दीड महिना ह्याच्याच बुडाला निजलो व्हतो आपुन. तू तवा चौथीत व्हतास."

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं माणसांच्या अंगावर आलं, हजारोंनी माणसं गेली. जी घरं उभी राहिली त्यांतही कुणी पाय ठेवायला तयार नव्हतं. पावसात लोक झाडाखाली राहिले. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या कुणाशीही बोला, असं एखादं झाड निघतंच.

मुलगा व्यापाऱ्याशी बाजूला जाऊन बोलला. ट्रॉली थांबली, पण फक्त मोडलेल्या भागासाठी. त्याचे बावीसशे ठरले. वजन मी करणार नाही, सौद्यात मी नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

वायरमननं डीपीवरून लाईन काढली. घरात इन्व्हर्टर आहे का विचारलं, होता, तोही बंद करायला लावला. चालू इन्व्हर्टरची वीज उलट्या वाटेनं तारेत आल्याचं मी एकदा पाहिलंय. तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय झाडावर पाय ठेवत नाही.

अशा कामाला खरं म्हणजे हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, पाहिजे. पण बोळ आठ फुटांचा. म्हणून दोर. उभं खोड आधी मागच्या चिंचेला दोराने ताणून बांधलं, कारण फाटलेल्या झाडावरच चढायचं होतं आणि त्याच झाडाच्या आधारानं लाकूड उतरवायचं होतं. इथं एक गोष्ट पुष्कळ कामगारांना कुणी सांगितलेली नसते. फांदीला बांधलेला दोर कप्पीवरून घेऊन खाली धरला, की कप्पीवर येणारा भार लाकडाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट होतो. एका बाजूला लाकूड ओढतं, दुसऱ्या बाजूला ते पेलणारा दोर. फूटभर जाडीचं, तीन फूट लांबीचं ओलं लाकूड साठ-सत्तर किलो सहज भरतं. वर झाडाला ते सव्वाशेच्या पुढं लागतं, आणि झटका बसला तर कितीतरी जास्त. म्हणून तुकडे लहान, झटका नाही, आणि खाली बुंध्याला दोराचे तीन वेढे. वेढ्यांच्या घर्षणावर एकटा माणूस ते वजन हळूहळू सोडू शकतो. आजी त्या दोराला नाडा म्हणत होती, मोटेचा असायचा तसा.

माळवदाला वरून धक्का चालत नाही. खाली लाकडी सरे, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि हे घर तर एकदा हललेलं. तिथं एक ओंडका आपटला असता तर छत आत आलं असतं.

साडेआठला चढलो. बारापर्यंत शेंड्याकडचा सगळा पसारा उतरवला. हाताएवढ्या फांद्या करवतीनं, मोठ्या मशीननं. एकदा मशीन किंचाळलं आणि चेनमधून ठिणगी उडाली. आत खिळा होता, सालीनं कधीच गिळलेला. नागपंचमीच्या झोक्याचा असेल, नाहीतर गुरं बांधायच्या कडीचा. गावातल्या लिंबात लोखंड सापडणारच. चेनचे तीन दात गेले. चेनला धार आहे का हे भुश्शावरून कळतं: चुरा जाडसर पडला तर ठीक, पीठ पडायला लागलं तर थांबायचं आणि कानस घ्यायची. बोथट चेनला माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की मशीन उसळतं.

ऊन बेचाळीसच्या पुढं असेल. अंगात हार्नेस, डोक्याला जाळीचं हेल्मेट, पायाला चेन अडवणारी पँट. तिच्या अस्तरातले धागे चेनमध्ये गुंततात आणि मशीन जागेवर बंद पडतं. त्या उन्हात ती घालणं म्हणजे गोधडी गुंडाळून फिरणं. पहिली पाच वर्षं मी ती घातली नाही, बांधकामावरचा पट्टा कमरेला लावून चढत होतो. आता डाव्या मांडीवर वीतभर वण आहे.

शेवटी राहिलं बुड. तेच अवघड. मोडून लटकलेल्या लाकडाला एक बाजू दाबाची असते, एक ताणाची. आधी दाबाच्या बाजूनं थोडं कापायचं, मग ताणाच्या बाजूनं, थांबत थांबत. मी तसंच केलं. पण त्या पट्टीला ताणाबरोबर पीळही होता, आणि तो मला दिसला नाही. चूक माझी होती. लाकूड सुटलं ते खाली न येता फिरलं, भिंतीच्या दिशेनं झोका घेऊन गेलं. दोर बुंध्यावर करकरला. मी वरून ओरडलो, "सोडू नको!" आणि ओरडतानाच कळलं की साथीदारानं दोर सोडलेला नाही. तो दोन्ही टाचा मातीत रोवून मागं झुकला होता. ओंडका माळवदाच्या कडेपासून दोन हातांवर थांबला, एकदा हलला, स्थिर झाला. घरातून माती झरल्याचा आवाज आला. थोडीशीच.

खाली उतरलो तेव्हा त्याचे हातमोजे तळव्यावर जळून फाटले होते. आजीनं त्याच्या हाताला हळद-तेल लावलं. तो काहीच बोलला नाही. माझे पाय मात्र कापत होते.

दुपारनंतर उभ्या खोडाचा घेर हलका केला, चौथाईपेक्षाही कमी. फांदी कापताना खोडाला ती जिथं मिळते तिथला फुगवटा राखायचा, खुंटही ठेवायचा नाही. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो नावाचा संशोधक होता. त्यानं हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि सांगितलं, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंती घालतं आणि त्यावरून नवं लाकूड चढवतं. तो फुगवटा कापला तर झाडाची ती सोयच गेली. मुलगा गेरू-डांबर आणतो म्हणाला, मी नको म्हणालो. लेप कुजणं थांबवत नाही. तारेनं आवळायचं नाही हेही सांगितलं, तार सालीत रुतते.

परतताना साथीदारानं विचारलं, "दादा, ह्यात पुढं काय हाय? ऊसतोडीचा मुकादम उचल घे म्हणून मागं लागलाय."

त्याला जे खरं ते सांगितलं. काम एप्रिल ते जून भरपूर, भर पावसाळ्यात तुरळक. विमा नाही. पतसंस्थेच्या अर्जात माझा धंदा किरकोळ मजुरी असा लिहिला गेला. बाहेरच्या देशांत याची परीक्षा असते, तीन वर्षांच्या अनुभवावर ती देता येते, आपल्याकडं अजून लोक विचारतात की झाडाला डॉक्टर कशाला. पण शहरात मागणी वाढतेय. राज्याच्या शहरी झाडांच्या कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं जातं, कुणीही येऊन बुडातून कापू शकत नाही. सोसायट्या, कॉलेजं छाटणीची मजुरी रोख देतात, लाकूड मागत नाहीत. ज्याला दोर कळतो असा माणूस लातुरात शोधून सापडत नाही. आणि तुला दोर कळतो, हे मी आज पाहिलं.

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी दोर धुवायला आपणहून आला, आणि वळ्या घालताना जिथं दोर करकरला होता तेवढा भाग बोटांनी चाचपून बाजूला काढला. कापून टाकायला.

निघताना बुंध्यावरच्या फाटीच्या दोन्ही बाजूंना मी गेरूनं एकेक खूण केली होती. आजीला म्हणालो, "दोन खुणांत चार बोटांचं अंतर आहे. वारं झालं की मोजा. पाचवं बोट बसलं तर लगेच फोन करायला सांगा."

परवा आषाढातलं वारं सुटलं होतं. रात्री मुलाचा फोन आला. नुसतंच म्हणाला, "आय म्हणती, चारच बोटं हायत."