भर उन्हातलं पिशाच्च : विस्मार, ल्युबेक, ओरावा

उत्तर जर्मनीतल्या विस्मारची वासरटोर ही वेस बंदराच्या तोंडाशीच आहे. लाल विटांची, टोकदार कमानीची, पंधराव्या शतकातली. शहराला पूर्वी पाच वेशी होत्या, त्यांतली ही एकच उरली. ‘नोस्फेराटू’ या १९२२ सालच्या जर्मन मूकपटात काउंट ऑर्लोक हे पिशाच्च स्वतःची शवपेटी बगलेत धरून याच वेशीतून शहरात शिरतो. मी पोचलो तेव्हा ऐन दुपार होती. धक्क्याला लागलेल्या होड्यांवर मासळी भरलेले पाव विकले जात होते आणि कमानीच्या विटा हाताला गरम लागत होत्या.

ते दृश्य चित्रित झालं तेव्हाही असाच दिवस होता. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ आणि छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांनी १९२१च्या उन्हाळ्यात इथे काम सुरू केलं. बाहेरची रात्रीची दृश्यं त्यांनी उजेडातच घेतली आणि मग प्रतींना रंग दिले. निळी छटा म्हणजे रात्र, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. पुढे कित्येक वर्षं हा चित्रपट बिनरंगाच्या प्रतींमधून पाहिला गेला आणि ऑर्लोक भर दिवसा गावातून हिंडताना दिसू लागला. शेवटी तो मरतो ते सकाळच्या उन्हाने, म्हणजे निळा रंग निघून गेला की कथेचा कणाच मोडतो. आपण सर्रास ‘कृष्णधवल’ म्हणतो त्या चित्रपटात रंगाला एवढं काम होतं, हे मला त्या तापलेल्या कमानीखाली जितकं पटलं तितकं वाचून कधी पटलं नव्हतं.

आणि उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पनाही याच चित्रपटाची. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसा दिसतो, त्याचा शेवट सुऱ्यांनी होतो. आज जो नियम लोकांना फार जुन्या लोकश्रद्धेतला वाटतो, तो पडद्याने घडवलेला आहे.

वेशीतून चालत मी बाजारचौकात गेलो. चौक साधारण शंभर मीटर लांब आणि तितकाच रुंद, एका बाजूला ‘वासरकुन्स्ट’ हा १६०२चा बाराकोनी जलमंडप. चित्रपट सुरू होतो तो मारियनकिर्षे या चर्चच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या याच चौकाने. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात चर्चची फार हानी झाली, १९६०मध्ये उरलेली वास्तू सुरुंगाने पाडली, मनोरा तेवढा राहिला. खाली उभं राहून वर पाहताना लक्षात येतं की मुर्नाऊने आधी आपल्याला सुरक्षित उंचीवर नेलं आहे. गाव नीटनेटकं, माणसं मुंगीएवढी, आणि सोबतीला १८३८च्या महामारीची बखर लिहिणाऱ्याचे शब्द. म्हणजे जे घडायचं ते घडून गेलेलं आहे. पुढेही कथा कागदांतूनच उलगडते. घराच्या व्यवहारासाठी ऑर्लोकच्या किल्ल्यावर गेलेल्या हुटरची पत्रं, पिशाच्चांवरचं जुनं पुस्तक, जहाजाची रोजनिशी. मूकपटातल्या पाट्या म्हणजे निव्वळ संवादांची सोय, असं समजणाऱ्याने हा चित्रपट जरूर पाहावा. इथे कितीतरी पाट्या म्हणजे पुरावे आहेत.

ल्युबेकला जाताना बाड क्लाइनेनला गाडी बदलावी लागते. चित्रपटात मात्र हे अंतर एका तुकड्याच्या जोडात संपतं. ऑर्लोक विस्मारच्या वेशीतून शिरतो आणि जे घर विकत घेतो ते ल्युबेकमध्ये, होल्स्टेनटोरच्या शेजारी, त्रावे नदीच्या काठावर. ती खरं तर मिठाची कोठारं. ल्युनेबर्गहून येणारं मीठ इथे साठवून बाल्टिकपलीकडे जायचं. उंच, अरुंद, उतरत्या टोकांच्या विटांच्या इमारती, खिडक्या छोट्या. मी समोरच्या काठावर बराच वेळ बसलो. पडद्यावर ऑर्लोक शवपेटीसह होडीत ताठ उभा असतो, वल्हवणारा कुणी नाही, होडी आपोआप सरकते आणि तो बंद दारातून विरघळून आत जातो. भीती वाटते ती दोन गोष्टींच्या सांध्यात: कोठार पूर्ण खरं, विटेविटेनं खरं, आणि माणूस त्यात न बसणारा. त्या काळच्या इतर काही जर्मन भयपटांत रंगवलेले वाकडेतिकडे पडदे असत. मुर्नाऊने खरी शहरं घेतली, हा मला त्याचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. ल्युबेकच्याच डेपेनाऊ रस्त्यावरून शवपेट्यांची रांग जाते. तो आज साधा उताराचा रस्ता आहे.

ओरावाचा प्रवास नंतर, वेगळा केला. ट्रान्सिल्व्हेनिया म्हणून दाखवलेला मुलूख स्लोव्हाकियात आहे. क्राल्योवानीहून छोटी गाडी ओरावस्की पोदझामोकला जाते आणि किल्ला नदीवरच्या कड्यावर शंभर मीटरहून उंच उभा दिसतो. आत वाटाड्याबरोबरच जावं लागतं. मला पाहायची होती ती अंगणातली कमान, जिच्या काळोखातून ऑर्लोक हुटरला सामोरा येतो. दारं, कमानी, बोळ: ऑर्लोक जवळजवळ नेहमी अशा चौकटीतच दिसतो. वासरटोरही त्याच ओळीतली. चौकट आधी रिकामी दिसते आणि मग तो तिथे असतो.

दोन तुकड्यांची आणखी एक जोडणीही इथेच घडते. किल्ल्यात ऑर्लोक हुटरवर झुकतो, दूर विसबोर्ग या चित्रपटातल्या काल्पनिक गावात हुटरची बायको एलेन झोपेतून उठून हात पुढे करते आणि ऑर्लोक मान वळवतो. मधे पर्वत आहेत, तरी दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर ती हाक त्याला ऐकू गेली असं आपण मानतो. पुढे ती समुद्राकाठी वाट पाहते. नवरा मात्र घोड्यावरून, जमिनीच्या रस्त्याने येतो आहे. समुद्रातून येतंय ते जहाज, ऑर्लोकचं. ती कोणाची वाट पाहते, हे चित्रपट सांगत नाही, आणि त्याने सांगू नये असंच मला वाटतं.

शेवटच्या चित्रात जो पडका किल्ला दिसतो तो ओरावा नव्हे. तो वाह नदीवरचा स्तारी ह्राद.

चित्रपट स्टोकरच्या कादंबरीवरून, पण परवानगी न घेता केलेला होता. स्टोकरच्या पत्नीने खटला जिंकला आणि १९२५मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. प्रती परदेशात पोचल्या होत्या म्हणून चित्रपट वाचला. जायचं असेल तर निघण्याआधी रंगछटा परत दिलेली, मुर्नाऊ-प्रतिष्ठानची आवृत्ती पाहा. आणि विस्मारला दुपारीच पोचा.